निषेधाच्या पत्राचा खरा वाचक कोण?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला आमचा दहा-बारा जणांचा वाचनगट दर दुसऱ्या शनिवारी जमतो. या वेळी मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र वाचायला घेतले आहे. गटातल्या सगळ्यांना इंग्रजी सहज वाचता येत नाही, म्हणून त्यातला निवडक भाग मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध निदर्शने चालू असताना आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढले. निदर्शने अवेळी आहेत, न्यायालयात जा, धीर धरा, असा त्याचा सूर होता. किंग यांना अटक झाली होती. वर्तमानपत्राच्या समासात आणि हाती लागेल त्या कागदावर त्यांनी या आठ जणांना उत्तर लिहायला घेतले आणि ते पुस्तिकेएवढे झाले.

पहिल्याच बैठकीत एका काकांनी विचारले, "त्या आठ जणांचे मन वळले का?" मी म्हटले, पत्र वाचून त्यांनी आपले निवेदन मागे घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यावर काका म्हणाले, "मग ज्याला लिहिले त्यालाच पटले नाही, तर ते मन वळवणारे लेखन कसे?" मला उत्तर सुचले नाही. तेच येथे विचारते. अन्यायाविरुद्ध लिहिणारा माणूस नेमके कोणाचे मन वळवत असतो, आणि कशाने?

सातपूरकर

काकांना माझा नमस्कार सांगा. इतका सरळ प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक वाचनगटात एक तरी असायला हवा.

निवृत्त मास्तर

मी तीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे प्रतिसाद जरा लांबला तर सांभाळून घ्यावे.

वादात एक जुनी रीत आहे, ती म्हणजे समोरचा जे प्रमाण मानतो तेच त्याच्यापुढे ठेवणे. त्या आठ जणांत प्रोटेस्टंट होते, कॅथलिक होते आणि एक ज्यू रब्बीही होते. कायदा न्याय्य केव्हा आणि अन्याय्य केव्हा, हे सांगताना किंग कॅथलिकांचे संत थॉमस अक्वायनस, ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि प्रोटेस्टंट धर्मचिंतक पॉल टिलिक या तिघांचा आधार घेतात. यात विद्वत्तेचे प्रदर्शन नाही. ज्याच्या घरात जे पुस्तक पाटावर ठेवलेले आहे, तेच उघडून त्याला दाखवण्याचा हा प्रकार आहे.

आपल्याकडे हे फार आधी झाले आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा शीर्षभागी तुकोबांची वाणी होती: "काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥" पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा बिरुद म्हणून ज्ञानेश्वरीतील ओव्या घेतल्या. ज्याने वारकऱ्यांचा शब्द पूज्य मानला आहे, त्याला तोच शब्द झटकून टाकणे किती अवघड जाईल, याचा विचार करा.

मखमलाबादची

मास्तरसाहेबांशी सहमत आहे, पण रीत सांगितली म्हणजे उत्तर मिळाले असे होत नाही. तुकोबा वरती छापून सनातनी मंडळी हलली का? आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे शिस्तीने, रांगेने आली, मंदिराचे दरवाजे बंद झाले, आणि ती चारही दरवाजांसमोर बसली. एप्रिलमध्ये रथोत्सवाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी हा लढा पुढे जवळजवळ पाच वर्षे चालवला आणि तरी दार उघडले नाही. दार उघडायला कायदा यावा लागला. राज्यघटनेचे अनुच्छेद १७ (अस्पृश्यता नष्ट करणारा) आणि २५ (सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा कायदा करू देणारा) वाचा. तेथे कोणाचे मन वळले आहे की नाही याची विचारपूस केलेली नाही.

अमेरिकेतही हेच झाले. पत्र छापून लोकांच्या हाती पडायला काही आठवडे गेले. त्याआधीच, मे १९६३ मध्ये, शाळकरी मुलांवर सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे यांची छायाचित्रे जगभर गेली होती. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही झाली, तिच्यामागे त्या छायाचित्रांचा वाटा पत्रापेक्षा कमी होता असे मला वाटत नाही.

निवृत्त मास्तर

मान्य. तरीही छायाचित्र पाहून हळहळलेल्या माणसाला 'पण घाई कशाला' असे वाटतेच, आणि त्या 'पण'ला उत्तर छायाचित्रात नसते.

पाथर्डी फाटा

मी विद्वान नाही, पण अर्ज पुष्कळ लिहिले आहेत, म्हणून अनुभव सांगतो.

आमच्या वस्तीला पाणी येत नव्हते. पहिले निवेदन मी लिहिले. त्यात 'अत्यंत हालअपेष्टा', 'नरकयातना', 'माणुसकीला काळिमा' असे सगळे होते, आणि कार्यालयातील साहेबांनी ते वाचून 'ठेवून जा' म्हटले. दुसरे निवेदन आमच्यातील एका तरुणाने लिहिले. त्यात 'खळ्ळखट्याक' सोडून बाकी सगळे होते, आणि तेही ठेवून घेतले गेले. तिसऱ्या वेळी शेजारच्या एका मावशींनी मुलीच्या शाळेची जुनी वही आणून दिली. त्यांनी सतरा दिवस रोज पहाटे उठून लिहून ठेवले होते की पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले आणि नळावर किती हंडे भरले. एका ओळीत 'आज आले नाही. पोरगी शाळेत गेली नाही.' एवढेच होते. आम्ही ती वही जशीच्या तशी उतरवून निवेदनाला जोडली, एकही विशेषण घातले नाही, आणि खाली 'प्रत माहितीसाठी' असे लिहून सात ठिकाणी प्रती दिल्या.

महिन्याभरात पाइप बदलला. वहीमुळे बदलला, सात प्रतींमुळे बदलला की बदलायचाच होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण साहेबांनी त्या वेळी आम्हांला बसायला खुर्ची दिली होती.

सातपूरकर

मराठीतील सर्वांत परिणामकारक अलंकार 'प्रत माहितीसाठी' हा आहे, आणि मास्तरांनी तीस वर्षांत तो एकदाही शिकवला नाही, याची येथे नोंद व्हावी.

निवृत्त मास्तर

नोंद घेतली. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

आडगावचा वकील

सातपूरकरांनी हसण्यावारी नेले असले तरी मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. किंग यांच्या पत्राच्या माथ्यावर आठ धर्मगुरू आहेत, पण ते उघडे पत्र आहे, म्हणजे त्याची प्रत साऱ्या देशाला माहितीसाठी दिलेली आहे. न्यायालयातही असेच असते. मी तोंडाने विरुद्ध बाजूच्या वकिलांना उत्तर देत असतो, परंतु माझे प्रत्येक वाक्य न्यायाधीशांसाठी असते. विरुद्ध वकील हे फक्त निमित्त असते. त्यांना पटले तर माझे अशीलच घाबरेल.

म्हणूनच त्या पत्रातील सौजन्य मला महत्त्वाचे वाटते. पहिल्या संबोधनापासून तो त्या आठ जणांना आपले बांधव धर्मगुरू म्हणतो, त्यांच्या हेतूवर शंका घेत नाही, आणि मग सांगतो की आपली सर्वांत मोठी निराशा उघड द्वेष करणाऱ्यांनी केलेली नाही, ती न्यायापेक्षा शांतता प्रिय असणाऱ्या मवाळ गोऱ्यांनी केली आहे. त्रयस्थ वाचकाला येथे स्वतःचा चेहरा दिसतो. शिवी दिली असती तर तो वाचक सुटला असता, कारण शिवी त्याला नसती.

मखमलाबादची

वकीलसाहेब, सौजन्याची जबाबदारी नेहमी सोसणाऱ्यावरच का? ज्याच्या तोंडावर दार लावले त्याने नम्रपणे लिहायचे आणि दार लावणाऱ्याने त्याच्या भाषेला गुण द्यायचे, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, त्यातील मजकुरावरून मंडळाने अधिवेशनच रद्द केले आणि ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. त्यात ते राजकीय सुधारणा मागणाऱ्या हिंदूंना एकामागून एक विचारतात: तुम्ही आपल्याच देशबांधवांना सार्वजनिक शाळेत येऊ देत नाही, तरी तुम्ही राजसत्तेला पात्र आहात काय? सार्वजनिक विहिरीवर येऊ देत नाही, तरी पात्र आहात काय? मग रस्ता, मग कपडे आणि दागिने, मग अन्न. प्रश्नाचा साचा तोच, फक्त आतला अन्याय बदलतो. यात आर्जव कुठे आहे? आणि तरी ते वाचून आजही माणूस अस्वस्थ होतो.

आडगावचा वकील

ताई, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि माझ्याकडे त्याचे पुरते उत्तर नाही. एक मात्र सुचवतो. त्या प्रश्नमालिकेत शिवी नाही. 'पात्रता' हा शब्द तर त्याच हिंदूंचा होता, कारण ते इंग्रजांपुढे आपली पात्रता सिद्ध करत होते. त्यांचाच शब्द त्यांच्याच गळ्यात घातला. मास्तर म्हणतात ती रीत तीच आहे, फक्त येथे ती धारेसकट वापरली आहे.

इंदिरानगर

जोतीराव राहिले की! 'विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतिविना गति गेली' ही साखळी आमच्या निरक्षर आजीला पाठ होती. ती शाळेत गेली नव्हती आणि म्हणूनच तिला ती पाठ असावी, असे आता वाटते.

निवृत्त मास्तर

याला अलंकारशास्त्रात कारणमाला म्हणतात. आधीच्या ओळीतील परिणाम पुढच्या ओळीत कारण होतो, त्यामुळे मधली एकही कडी नाकारता येत नाही. पुढे वित्त गेले, शूद्र खचले, आणि शेवटी 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' असा हिशेब येतो. अंतर पाहा, वर पाच अनर्थ आणि खाली दोषी एक.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो की जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिकाही मन वळवण्याचेच साधन असते. पुण्यातील वाचकाला त्यांनी पहिल्या पानावरच कळवले की या प्रश्नाकडे जग पाहत आहे.

पाथर्डी फाटा

म्हणजे तीही प्रत माहितीसाठीच झाली.

त्रिरश्मी

उशिरा येत आहे. सर्वांचे वाचले. आतापर्यंत सगळे 'समोरच्याचे मन' किंवा 'त्रयस्थाचे मन' यावर बोलत आहेत. तिसरा वाचक कोणीच मोजलेला नाही.

माझे पणजोबा निफाड तालुक्यातून चालत काळारामच्या सत्याग्रहाला आले होते. ते लढाईच्या गोष्टी सांगत नसत. घरात एकच गोष्ट सांगितली जाते. त्या काळी गावात वरच्या माणसाला आमच्या लोकांनी वाकून 'जोहार' घालायचा असे. पणजोबा पंचवटीतून परत गेल्यावर पाटलाच्या वाड्यावरून जाताना त्यांनी जोहार घातला नाही. काय झाले, मार बसला की नाही, हे कोणी सांगत नाही, किंवा सांगू इच्छीत नाही. पुढे आमच्या घरात 'जय भीम' आला.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना इंग्रजीत एक पत्र लिहिले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील म्हणून आपण हा लढा सुरू केला नव्हता, त्यांच्यात चैतन्य यावे आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला होता, आणि ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. म्हणजे दारासमोर बसलेल्या माणसांचा चेहरा दाराकडे होता, पण जे म्हटले जात होते ते दाराबाहेरच्यांना उद्देशून होते. मखमलाबादच्या ताई विचारतात की दार उघडले का. दार उघडले नाही. पणजोबांची कंबर मात्र वाकायची थांबली.

मखमलाबादची

त्रिरश्मी, मी वर जे लिहिले ते मागे घेत नाही, पण ते अर्धे होते हे मान्य करते.

इंदिरानगर

पणजोबांना जय भीम.

गोदाकाठची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. त्रिरश्मींच्या प्रतिसादाने माझी एक वेगळीच अडचण उघड झाली, ती मांडते, कारण ती मराठीची आहे.

इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. किंग एका ठिकाणी लिहितात की वाट पाहणे आम्हांला कठीण का जाते, ते तुम्हांला समजेल. येथे 'आम्ही' स्पष्ट आहे, कारण धर्मगुरू त्यात नाहीत. पण दुसऱ्या ठिकाणी ते म्हणतात की या पिढीत केवळ वाईट माणसांच्या द्वेषपूर्ण शब्दांचा आणि कृत्यांचाच नव्हे, तर चांगल्या माणसांच्या भयंकर मौनाचाही पश्चात्ताप करावा लागेल. कोणाला करावा लागेल? मी आधी 'आम्हांला' लिहिले होते, आणि ते हास्यास्पद झाले, कारण त्या मौनात किंग कुठे होते? 'तुम्हांला' लिहिले तर आरोप होतो. 'आपल्याला' लिहिल्यावर वाक्य एकदम उभे राहिले. ज्या धर्मगुरूंनी निवेदनात त्याला बाहेरचा, परका म्हटले त्यांना तो आपल्यात घेतो आणि पश्चात्तापाला सोबत बसतो. मूळ वाचकाला ही निवड दिसत नाही, मराठी अनुवादकाला ती करावीच लागते. आता मी पत्रातील प्रत्येक सर्वनामापाशी अडते आहे.

निवृत्त मास्तर

वा! हे माझ्याकडून सुटले होते. बाबासाहेबांची मराठी भाषणे या दृष्टीने पाहा.  महाडच्या परिषदेतील चवदार तळ्याविषयीचे बोलणे घ्या. पाणी पिऊन कोणी अमर होणार नव्हते, इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे होते. त्या 'आम्हीही'तील 'ही' हे अव्यय सगळा भार उचलते.

आडगावचा वकील

आणि शेवटची क्षमायाचना कशी आणली? या पत्रात सत्याहून अधिक काही बोललो असेन, अवाजवी अधीरता दाखवली असेल तर तुम्ही क्षमा करा. आणि सत्याहून उणे बोललो असेन, बंधुत्वाहून कमी कशावर समाधान मानण्याइतका धीर दाखवला असेल तर देवाने क्षमा करावी. जास्त बोलण्याचा गुन्हा माणसांपुढे आणि कमी बोलण्याचा देवापुढे. अपील कोणत्या न्यायालयात मोठे असते, हे सांगायला नको.

गोदाकाठची (धागाकर्ती)

ती आली, कारण तिची दोन पारडी मराठीत सहज बसतात. अडले ते प्रसिद्ध लांब वाक्याशी. ३०० हून अधिक शब्दांचे एकच वाक्य आहे. जेव्हा तुम्ही झुंडींना तुमच्या आईवडिलांना ठार मारताना पाहिलेले असते, जेव्हा सहा वर्षांच्या मुलीला करमणुकीच्या बागेत का जाता येत नाही हे सांगताना तुमची जीभ अडखळते, जेव्हा, जेव्हा, जेव्हा, आणि अगदी शेवटी, तेव्हा तुम्हांला समजेल की आम्हांला वाट पाहणे कठीण का जाते. गटातील काहींनी त्याची दहा वाक्ये कर असे सुचवले आहे.

त्रिरश्मी

कृपया तोडू नका. 'वाट पाहा' म्हणणाऱ्याला ते वाक्य वाट पाहायला लावते, तोच त्याचा युक्तिवाद आहे.

निवृत्त मास्तर

शिवाय मराठीत ते जास्त नेमके होईल. आपल्याकडे 'जेव्हा' म्हटले की 'तेव्हा' येणे लागते. पहिल्या 'जेव्हा'पासून वाचकाचे देणे सुरू होते आणि प्रत्येक 'जेव्हा'ला ते वाढते.

सातपूरकर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या तक्रारीत मी हा प्रयोग करणार आहे. जेव्हा तुम्ही रात्री अकरा वाजता घरी येता, जेव्हा तुमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी असते...

मखमलाबादची

सातपूरकर, तुमचे 'तेव्हा' आम्हांला आधीच कळले आहे.

गोदाकाठची (धागाकर्ती)

शनिवारची बैठक झाली. वाक्य तोडले नाही. आधी घरी आईला वाचून दाखवले, ते येथे लिहिते. माझी आई पंचवीस वर्षे लोकांच्या घरी स्वयंपाकाची कामे करायची. ती लसूण सोलत ऐकत होती. तिसऱ्या 'जेव्हा'नंतर ती "मग?" म्हणाली. सातव्यानंतर पुन्हा म्हणाली, "अगं, मग?" त्यानंतर तिने सोलणे थांबवले.

पुढे एक ओळ अशी आहे की माणूस कितीही वयाचा असला तरी त्याला 'पोऱ्या' म्हणून हाक मारतात, आणि त्याच्या बायकोला आणि आईला इंग्रजीतील 'मिसेस' हे आदराचे संबोधन कधीच लावत नाहीत. मी तेथे 'श्रीमती' लिहिले होते, मग खोडून 'सौ.' केले होते, मग पुन्हा 'बाई'. आईला विचारले की यातील कोणते ठेवू.

ती म्हणाली, "यातलं काहीच नको. त्यांच्या आईला कुणी 'अहो' म्हणत नव्हतं, असं लिही."

निवृत्त मास्तर

माझ्याकडून हा मसुदा कायम.